एका ओळीचा सराव

पोंभुर्ण्याजवळून, १५ नोव्हेंबर १९९८

चि. रिना हिस,

डोमाभाऊचे अ. आ. व प्रभूमध्ये सलाम.

तुझा पाय बरा झाला आणि तू पुन्हा धावायला लागलीस हे वाचून आनंद झाला. इथं धान कापून झालं. मंडळीतली अकराही ख्रिस्ती घरं बरी आहेत. बायनाबाई दर रविवारी तुझी चौकशी करते आणि पोरीला वसतिगृहात खायला नीट मिळतं का म्हणून माझ्यावरच रागावते.

बरा नाही तो मी. तुझी वहिनी जाऊन आठ महिने झाले. रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर’ या क्षमेच्या ओळीपाशी माझा आवाज बंद होतो. मंडळी ती ओळ म्हणून पुढे जाते, मी त्यांना पुढच्या ओळीला गाठतो. जीपवाल्या मुखरूने दुसऱ्या गाडीच्या पुढे जायच्या नादात वळणावर जीप उलटवली आणि माझी सत्यशीला गेली. त्याला मी क्षमा केली, असं देवासमोर खोटं कसं बोलू? ज्याला ही ओळ म्हणता येत नाही त्याने पाळक म्हणून मंडळी चालवू नये. इस्टर झाला की सेवा सोडून गडचांदूरला सिमेंटच्या कामावर जावं म्हणतो. तुला आधी कळवलं, बाकी कुणाला नाही.

जपून धाव. माया राहू दे.

तुझा भाऊ डोमा


ब्रह्मपुरी, २४ नोव्हेंबर १९९८

ती. भाऊस,

रिनाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसले. सेवा सोडायचं तू एकट्याने ठरवलंस, आता माझं ऐक.

क्रॉसकंट्रीत मी नेहमी चढावर हरायची. सपाटीवर पुढे, चढ आला की पाय थांबायचे. आमच्या जाहिद सरांनी मला अख्खी शर्यत धावणं बंद करायला लावलं. महिनाभर फक्त तलावाची पाळ चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. पहिल्या आठवड्यात मी अर्ध्यावर बसून रडले. सर म्हणाले, मन लागतं का ते मी विचारत नाही, रोज यायचं एवढंच तुझ्या हातात आहे.

भाऊ, धावणाऱ्यांचा दाखला तू उपदेशात कितीदा देतोस. आणि स्वतः मात्र सराव न करता एका रविवारी अख्खी क्षमा करायला जातोस! आता तीच एक ओळ घे. पहिले पंधरा दिवस सकाळच्या प्रार्थनेनंतर, ज्याला क्षमा करायची त्याचं नुसतं नाव मोठ्याने घ्यायचं. मग त्याच्यासाठी देवाकडे काहीतरी एक चांगलं मागायचं. मग रस्त्यात भेटला तर सलाम करायचा. त्यापुढचं तुझं तू ठरव. एखादा दिवस चुकला तर चालेल, लागोपाठ तीन चुकवायचे नाहीत. मन तयार होईपर्यंत थांबू नकोस. सकाळी पाच वाजता माझे पाय तरी कुठे तयार असतात? वहिनी मला उठवून दाराबाहेर ढकलायची, म्हणून आज मी धावते आहे.

रागावलास तरी चालेल, पण सोडू नकोस.

तुझी रिना


पोंभुर्ण्याजवळून, १७ जानेवारी १९९९

चि. रिना हिस अ. आ. व सलाम.

कोचबाई, तुमचा सराव फार कडक आहे. पहिल्या दिवशी त्याचं नाव घेतलं आणि तोंड कडू झालं. उठून अंगणात गेलो. मधे दोन दिवस चुकवले. तिसऱ्या दिवशी केवळ तुझ्या धाकाने गुडघे टेकले.

दुसऱ्या पायरीला अडलो. त्याच्यासाठी काय मागावं ते सुचेना, कारण तो कसा जगतो तेच मला माहीत नव्हतं. बायनाबाईला विचारलं. ती म्हणाली की त्याच्या जीपमध्ये आता कुणीच बसत नाही, जीपमध्ये कोंबड्या बसतात, बायको माहेरी गेली आणि तो बांबू तोडायला जातो. मग रोज तेच मागितलं, त्याची बायको परत येऊ दे. महिनाभर ओठांनी मागितलं. एक दिवस मागताना रडू आलं, ते सत्यशीलेसाठी की त्याच्यासाठी, मला सांगता येणार नाही.

परवा रस्त्यात त्याला सलाम केला. त्याच्या डोक्यावरचा भारा खाली पडला.

ओळ अजून निघत नाही. पण सराव चालू आहे.

डोमाभाऊ


पोंभुर्ण्याजवळून, ५ एप्रिल १९९९

चि. रिना हिस अ. आ. आणि इस्टरचा मोठा सलाम!

काल इस्टरला सगळ्या मंडळ्यांची पोंभुर्ण्यात एकत्र उपासना होती. सकाळीच मी मुखरूच्या अंगणात गेलो आणि गाडी काढ म्हणालो. तो खाली बघत म्हणाला, "माह्यावर भरवसा ठेवून कोण बसन, भाऊ?"

"मी बसतो. तू चाबी लाव."

मी पुढच्या सीटवर बसलो. मंडळी अंगणाबाहेर उभी राहून बघत होती. मग बायनाबाई चढली, तिच्यामागे बाकीचे चढले. त्या वळणापाशी मुखरूने जीप थांबवली. आम्ही दोघं उतरलो. तिथं उभा राहून मी प्रभूची प्रार्थना सुरू केली, जीपमधून मंडळीही म्हणू लागली. क्षमेची ओळ आली आणि रिना, मी ती म्हणालो. पूर्ण. माझा आवाज रानात घुमला. मुखरू रस्त्यातच बसून रडला, मी त्याला धरून उठवलं. जीपमधून बायनाबाई म्हणाली, "भाऊ, आज तुमी आमच्यासंग म्हटलं."

मग पोंभुर्ण्यापर्यंत नुसती गाणी आणि टाळ्या. मी सेवा सोडत नाही. गडचांदूरचा विषय संपला.

एक विचारतो, रागावू नकोस. तुझ्या पत्रात मुखरूचं नाव कुठेच नाही. मला सराव दिलास, तुझं काय? तुझी वहिनी तुझीही होती.

सुट्टीत ये. वाट पाहतो.

डोमाभाऊ


ब्रह्मपुरी, १८ एप्रिल १९९९

ती. भाऊस सा. न. व सलाम.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज सकाळी लिहायला बसले आणि रोज कागद फाडला. बरोबर पकडलंस. तुला चढ चढायला लावून मी खाली उभी होते.

मधे पाच हजार मीटरला पहिली आले. हे पत्र लिहिण्यापेक्षा ते सोपं होतं.

मुखरूभाऊला सांग, दोन मेला सकाळच्या गाडीने मी पोंभुर्ण्याला उतरते. मला घ्यायला जीप घेऊन ये म्हणावं. मी पुढे बसेन.

तुमची रिना