सात नंबरचं कार्ड

प्रिय धाकल्या,

फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळतोस, म्हणून हा कागद. चार वर्षं अर्ज करून चपला झिजल्या, तेव्हा कुठे आमच्या प्रयोगशाळेत नवी पेटी आली. कपाटाएवढी, समोरून काचेची. आत गोंद तापतो, त्याची वाफ वस्तूंवर बसते आणि डोळ्यांना न दिसणारे बोटांचे ठसे पांढरे होऊन वर येतात. वर्गातल्या पोरांच्या तर अंगातच आलं होतं.

सरावासाठी वस्तू घरून आणायच्या, ही आमची जुनी रीत. मी बाबांच्या चष्म्याचं घर नेलं. त्यांची बोटं पुन्हा एकदा दिसतील, एवढाच माझा स्वार्थ. ते गेले त्या मंगळवारी सकाळी मीच नवा चष्मा दुकानातून आणला, त्याचं घर आतून-बाहेरून पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. चष्म्याशिवाय त्यांना पुढ्यातलं ताटही दिसत नसे. दुपारी ते जिन्यावरून पडले. मी कामावरून धावत आले, तर चष्मा टेबलावर, त्याच्या घरात नीट मिटून ठेवलेला. म्हातारं माणूस, विसरलं असेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. ते घर मी तेव्हाच पिशवीत घालून कपाटात ठेवलं, आठ महिने कुलपात. तू दुसऱ्या दिवशी आलास, माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडलास. तुझा नि बाबांचा दोन महिन्यांचा अबोला होता, म्हणून मला तुझी जास्तच कीव आली.

तुझा अंगठा आठवतो? डब्याच्या पत्र्याने चिरला होता. आई ओरडेल म्हणून मीच चिंधी बांधली, आणि वैद्यकीय ज्ञान शून्य असल्याने आडवा वण कायमचा राहिला. शिकत असताना सरावासाठी मी तुझी दहाही बोटं शाईत बुडवली होती. तेच आमचं सात नंबरचं कार्ड. दरवर्षी मोठ्या कौतुकाने मी तो वण मुलांना दाखवते.

काल पहिल्या बाकावरच्या मुलीने चष्म्याचं उघडं घर पेटीतून काढलं, झाकणाच्या आतल्या बाजूवर निळा दिवा धरला आणि टाळ्याच पिटल्या. आडवा वण, सात नंबर! तिला वाटलं, हे कोडं मीच मुद्दाम घातलंय. मी तिला शाबासकी दिली. पोरगी भारी चिवट आहे. कार्ड कोणाचं, म्हणून मागेच लागली. सोमवारी सांगते म्हटलं.

कार्डांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. आज सकाळपासून दोनदा ते कार्ड बाहेर काढलं आणि दोनदा परत ठेवलं. तुझ्यावर माझा जीव आहे रे, पण मी त्यांचीही मुलगी आहे. रविवारी दुपारी ये आणि त्यांच्या नाकावरचा चष्मा त्या घरात कसा गेला, ते तुझ्या तोंडाने सांग. मग चौकीवर आपण दोघं मिळून जाऊ. नाही आलास, तर सोमवारी त्या मुलीला मी तुझं नाव सांगेन. शेजारच्या काकूंना बसायला बोलावलंय. मी खालच्या खोलीतच थांबेन. तुझ्याबरोबर जिना चढून वर येणार नाही.

तरीही तुझीच,
ताई