सिलोनच्या नोटेवरचं नाव

रविवार, संध्याकाळ. बनशंकरी, बंगळूर.

शेजारच्या सरोजाक्का आज नातीला घेऊन आल्या. "हिला माझ्या अप्पांचं अक्षर दाखव रे." मी चक्क खोटं बोललो. म्हटलं, नोटांचा अल्बम बँकेच्या लॉकरमध्ये आहे. अल्बम माझ्या पाठीमागच्या कपाटातच होता.

त्यात अक्कांची, ब्रिटिशांच्या काळातली सिलोनची एक रुपयाची नोट. अप्पा कोलंबोत एका दुकानात कामाला होते, तिथून लेकीसाठी आणलेली. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'सरू'. अप्पांचा फोटोसुद्धा नाही अक्कांकडे. माझ्या संग्रहात नीट राहील म्हणून विश्वासानं दिली. आणि मी काय केलं? नोटेवर काही लिहिलेलं असलं की आम्हा संग्राहकांना ती डागी वाटते. मऊ खोडरबरानं, अगदी जपून, ते नाव पुसून टाकलं. वर खूश झालो, शहाणा!

"सरी, चालेल, पुढच्या रविवारी येते," म्हणून अक्का गेल्या. रागावल्यासुद्धा नाहीत.

मग नोट खिडकीशी तिरकी धरून पाहिली. काही म्हणजे काही उरलेलं नाही. पुन्हा लिहून टाकावं? पेन्सिल घेतली, कोऱ्या कागदावर 'सरू' लिहिलं. पाच-सहा वेळा लिहिलं.

दर वेळी माझंच अक्षर.