साक्षीदार क्रमांक चार यांचा जबाब रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
चारित्र्य व पूर्वेतिहास पडताळणी शाखा,
दुसरा मजला, खोली क्र. ११

विषय : अभिलेखपाल पदासाठी निवड झालेल्या उमेदवाराच्या पडताळणी अहवालातील साक्षीदार क्र. ४ यांचा जबाब खोटा असल्याने तो रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या शाखेचा प्रतिकूल अहवाल, जा. क्र. ४१७, दि. २ मार्च.
२) आपल्या शाखेचे पत्र, जा. क्र. ४३३, दि. ९ मार्च (वडिलांच्या व्यवसायाचा पुरावा मागणारे).

अर्जदार : उमेदवाराचे वडील, वय ५८. धंदा : परिच्छेद १ पाहावा.

महोदय,

साक्षीदार क्रमांक चार खोटे बोलला, हे अर्जदार छातीठोकपणे सांगू शकतो. इतकी खात्री कशी, याचा खुलासा परिच्छेद ५ मध्ये केला आहे. तिथपर्यंत आपण हा अर्ज फायलीखाली सरकवू नये, एवढी सुरुवातीलाच विनंती.

१. अर्जदार गेली बावीस वर्षे या शहरात खासगी गुप्तहेर म्हणून काम करतो. हा शब्द अर्जदाराला आवडत नाही, कारण तो ऐकला की लोकांना लांब कोट आणि पिस्तूल दिसू लागते. अर्जदाराकडे एक छत्री आहे. कामाचे स्वरूप असे : मणका मोडला म्हणून विमा मागणारा माणूस सिमेंटची पोती जिना चढून नेतो का, ते पाहणे. दुकानातला माल मागच्या दाराने कोण नेतो, ते पाहणे. कुणाचा नवरा दर बुधवारी दुपारी कुठे जातो, ते पाहणे. (सदर नवरा आपल्या वारलेल्या आईच्या बंद घरात जाऊन दोन तास नुसता बसत असे. हे कळल्यावर बायकोला जितका राग आला तितका दुसरी बाई निघाली असती तरी आला नसता.) पाहणे म्हणजे उभे राहणे. बेकरीसमोर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तहान मारून. कारण पाणी प्यायले की आडोसा शोधावा लागतो आणि नेमक्या त्या पाच मिनिटांत माणूस हातचा निसटतो. उभे राहून राहून अर्जदाराच्या पायांच्या शिरा फुगल्या आहेत. डॉक्टरांनी धंदा विचारला, तेव्हाही अर्जदाराने पाण्याचे फिल्टर विकतो असेच सांगितले.

२. फिल्टरचा खुलासा आवश्यक आहे. या धंद्यात शेजाऱ्यांना खरा धंदा कळला की धंदा बसतो, म्हणून पहिल्या वर्षापासून अर्जदार फिल्टरचा विक्रेता आहे. बॅगेत नमुन्याचा फिल्टर असतो. दुकाने व आस्थापनांच्या नोंदीतही तेच लिहिले आहे. बावीस वर्षांत चार फिल्टर खरोखर विकले गेले. त्यांपैकी एक तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे असून त्याची कँडल अर्जदार दर सहा महिन्यांनी इमानेइतबारे, फुकट बदलून देतो. अर्जदाराची पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारली, तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी एका गृहस्थांनी जाता जाता, माठावर बसवायचा फिल्टर मिळेल का, अशी चौकशी केली. अर्जदाराने मिळेल म्हणून सांगितले आणि तो आणूनही दिला.

अर्जदाराची मुलगीही हेच सांगत मोठी झाली. चौथीत तिला ‘माझे बाबा’ हा निबंध होता. तिने फिल्टरवर चार पाने लिहिली, त्यात गढूळ पाण्याने होणारे रोगही घातले. वर्गात पहिला नंबर आला. त्या दिवशी ती घरी येऊन रडली होती. अर्जदाराने कारण विचारले नाही, कारण ते त्याला माहीत होते.

३. यंदा तिची निवड अभिलेखपाल म्हणून झाली. सहाशे उमेदवारांत तिचा क्रमांक तिसरा. पडताळणीचा फॉर्म भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी तिचे पेन थांबले. अर्जदार म्हणाला, फिल्टर लिही आणि मोकळी हो. तेव्हा ती म्हणाली, “बाबा, नोकरीची सुरुवातच खोट्यानं नाही करायची मला.” आणि तिने खासगी गुप्तहेर असे लिहिले. वडिलांविषयी तिने जन्मात एकदाच खरे लिहिले, ते आपल्या फॉर्मवर.

४. आपला अहवाल आधी तीच ओळ खोटी ठरवतो. त्यात चार साक्षीदार आहेत. शिक्षिकाबाईंनी सांगितले की अर्जदार फिल्टर विकतो आणि फार सज्जन आहे. लाँड्रीवाल्याने तेच सांगितले. किराणा दुकानदाराने तर नमुन्याचा फिल्टर डोळ्यांनी पाहिला असल्याचे सांगितले. या तिघांबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. बावीस वर्षांची मेहनत त्यांच्या तोंडून बोलत होती. चौथा साक्षीदार मात्र व्यवसायावर थांबला नाही. अहवालातील त्याचा जबाब असा : “मुलगी इथं राहत नाही आता. बापलेकीचं पटत नाही, असं ऐकून आहे. कधी येते, कधी जाते, पत्ता लागत नाही.” यावरून आपल्या शाखेने ‘उमेदवार नमूद पत्त्यावर वास्तव्यास नाही, कौटुंबिक माहिती दडवली आहे’ असा शेरा मारून नेमणूक रोखली. ३१ मार्चपर्यंत शेरा हटला नाही तर जागा प्रतीक्षायादीतील पुढच्या उमेदवाराला जाईल.

५. अहवालात साक्षीदार क्र. ४ चे वर्णन ‘सलूनमध्ये उपस्थित स्थानिक वयस्क गृहस्थ, वय अंदाजे ६५’ असे आहे. तो गृहस्थ अर्जदार स्वतः होता.

हकिगत अशी. २६ फेब्रुवारीला सकाळी दहा चाळीसला अर्जदार कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीसाठी बसला होता. गळ्याला कापड, गालांना फेस. आपले कर्मचारी आत आले. त्यांनी ओळखपत्र दाखवले नाही की कुठून आलो ते सांगितले नाही. थेट अर्जदाराच्या मुलीचे नाव घेऊन, ती कुठे राहते, किती वाजता बाहेर पडते, असे विचारले. दोन वर्षांपूर्वी हेच प्रश्न याच सलूनमध्ये दुसऱ्या एकाने विचारले होते. परिच्छेद १ मधील सिमेंटची पोती वाहणारा तो हाच. अर्जदाराच्या अहवालामुळे त्याचा विमा नामंजूर झाला होता आणि तो मुलीच्या येण्याजाण्याच्या वेळा शोधत होता. तेव्हापासून अर्जदाराने घरात आणि गल्लीत नियम घालून दिला आहे, की मुलीविषयी अनोळखी माणसाने विचारले तर ती इथे राहत नाही असे सांगायचे, आणि बापाचे तिच्याशी पटत नाही हेही जोडायचे, म्हणजे तिच्यासाठी बापावर कुणी दबाव आणणार नाही. सलूनवाला आरशातून अर्जदाराकडे पाहत गप्प राहिला, कारण अर्जदार हजर असला की उत्तर त्यालाच देऊ द्यायचे, अशी ताकीद आहे. अर्जदार फेसातून बोलला. फार चांगले बोलला. आपल्या कर्मचाऱ्यांनी शब्दन्‌शब्द लिहून घेतला.

त्यानंतर अर्जदाराने तोंड पुसले आणि अर्धी दाढी रुमालाने झाकून आपल्या कर्मचाऱ्यांचा पाठलाग केला. ते अर्जदाराच्या इमारतीचा जिना चढले नाहीत. ‘घरी भेट दिली, दार बंद होते’ ही अहवालातील ओळ त्यांनी बसथांब्यावर, दोन केळी खाऊन झाल्यावर, फाइल गुडघ्यावर ठेवून लिहिली. त्या वेळी मुलगी घरी होती आणि रुजू होण्याच्या दिवसासाठी काढलेल्या कपड्यांना इस्त्री करत होती. याबद्दल अर्जदाराला तक्रार करायची नाही. त्यानेही गुडघ्यावर पुष्कळ अहवाल लिहिले आहेत.

सांगायचे ते वेगळेच आहे. बसथांब्यावर अर्जदाराला त्या फायलीवर आपल्या शाखेचा शिक्का दिसला. आपण काय करून बसलो, हे त्याला त्या क्षणी समजले. मध्ये सहा पावलांचे अंतर होते. पुढे होऊन ‘साहेब, मघाचा फेसवाला मीच, तिचा बाप, आणि ती आत्ता वर घरात आहे’ एवढेच सांगायचे होते. पण ज्याचा पाठलाग करायचा त्याच्यासमोर कधी जायचे नाही, हे अर्जदाराच्या अंगात इतके मुरले आहे की त्याचे पाय हलले नाहीत. तो वर्तमानपत्रामागे उभा राहिला. मनाशी म्हणाला, चौथ्या साक्षीदाराचे कोण वाचतो? मग बस आली आणि गेली.

६. आपल्या पत्रानुसार व्यवसायाचा पुरावा म्हणून दोन प्रतिष्ठित ग्राहकांची प्रमाणपत्रे हवी आहेत. अर्जदाराचे ग्राहक तीनशेच्या वर आहेत आणि त्यांतले बहुतेक प्रतिष्ठित आहेत. अर्जदार तिघांकडे गेला. एका डॉक्टरांनी रस्ता ओलांडला. एका बांधकाम व्यावसायिकाच्या पत्नीने, आमच्याकडे फिल्टर आहे, असे सांगून दार लावले. तिसरे गृहस्थ शाळेच्या समारंभात व्यासपीठावर होते. त्यांनी अर्जदाराला पाहून न पाहिल्यासारखे केले, तेही इतके सफाईने की अर्जदाराला क्षणभर कौतुक वाटले. त्यांना दोष देता येत नाही. अर्जदाराच्या पावतीवर खाली बारीक अक्षरांत छापले आहे : ‘बाहेर भेट झाल्यास ओळख दाखवू नये.’ सर्वांनी नियम पाळला.

अहवालांच्या प्रती जोडाव्यात तर त्यांत लोकांची घरे उघडी पडतात, म्हणून अर्जदार त्या जोडणार नाही, त्याच्या मुलीची नोकरी गेली तरी. हे वाक्य लिहिताना अर्जदाराचा हात तीनदा थांबला आहे. पुरावा म्हणून आपल्याच कर्मचाऱ्यांवरील टिपण सोबत जोडले आहे : वेळा, मार्ग, बसचा क्रमांक, डाव्या बुटाचा झिजलेला तळ, केळ्यांची संख्या. फिल्टर विकणाऱ्याला हे जमते का, याचा निर्णय आपण करावा.

७. अहवालाची प्रत मुलीच्या हाती ४ मार्चला पडली. तिने ती उभ्याउभ्याच वाचली. चौथ्या जबाबापाशी ती थांबली. ‘असं ऐकून आहे’ हे शब्द अर्जदार खोटे बोलताना नेहमी वापरतो, हे फक्त तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, “बाबा, हे तुम्ही बोललात.” अर्जदार नाही म्हणू शकला नाही. त्याने सिमेंटवाल्याचे सांगितले, नियमाचे सांगितले, तिच्याच भल्यासाठी हे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “दुसरं कुणी बोललं असतं तर मी जाऊन भांडले असते. तुमच्याशी काय भांडू? मला कळतच नाही तुम्ही कधी खरं बोलता.” संध्याकाळच्या आत तिने दोन बॅगा भरल्या. पत्ता ठेवला नाही.

८. म्हणून एक गोष्ट अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करतो, कारण उद्या आपण फेरचौकशी केली तर घोळ होईल. साक्षीदार क्र. ४ चा जबाब २६ फेब्रुवारीला धादांत खोटा होता. आज, १९ मार्चला, तो अक्षरशः खरा आहे. मुलगी इथे राहत नाही. बापलेकीचे पटत नाही. उमेदवाराचे भवितव्य कोणत्या तारखेच्या सत्यावर ठरवायचे, हे आपल्या अधिकारात आहे. फॉर्म तिने जानेवारीत भरला, तेव्हा त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, एवढे लक्षात घ्यावे.

९. तिचा नवा पत्ता अर्जदाराने दीड दिवसात शोधला. एका छापखान्याच्या वरची खोली आहे. अर्जदार समोरच्या फुटपाथवर तीन दिवस उभा राहिला. ती पाणी उकळून पिते. खिडकीच्या काचेवर वाफ धरते त्यावरून कळले. तिसऱ्या दिवशी ती खाली उतरली, रस्ता ओलांडून याच बाजूला आली आणि अर्जदाराच्या अगदी कोपराजवळून पुढे निघून गेली. तिने ओळख दाखवली नाही. पावत्या छापून आणल्या की त्या कात्रीने वेगळ्या करायचे काम लहानपणी तीच करत असे, तेव्हा खालची ओळ तिला पाठ आहे. तिने नियम पाळला की तिला बापाशी बोलायचेच नव्हते, हे बावीस वर्षांच्या अनुभवानंतरही अर्जदाराला ठरवता आलेले नाही. त्याला आपल्या मुलीची फार आठवण येते.

सबब विनंती की,
(अ) साक्षीदार क्र. ४ चा जबाब त्याच्या स्वतःच्या कबुलीवरून रद्द करावा. खोट्या जबाबाबद्दल जी कारवाई होते ती अर्जदारावर करावी, उमेदवारावर नाही.
(ब) ३१ मार्चपूर्वी नेमणूक मोकळी करावी.
(क) उत्तर अर्जदाराला न पाठवता थेट उमेदवाराला, बंद पाकिटातील पत्त्यावर पाठवावे. पत्ता कुणी कळवला हे तिला सांगू नये. तिने विचारलेच, तर मात्र खरे सांगावे.

बावीस वर्षांत प्रथमच खऱ्या धंद्यासह सही करणारा,

(सही)
साक्षीदार क्रमांक चार, तथा उमेदवाराचे वडील
खासगी गुप्तहेर
दि. १९ मार्च

सोबत :
१. आपल्या कर्मचाऱ्यांच्या हालचालींचे टिपण, दि. २६ फेब्रुवारी, पृष्ठे २.
२. सलूनवाल्याचे लेखी निवेदन. (देताना त्याने दोनदा विचारले, खरे सांगायचे आहे ना?)
३. कोरी पावती, खालच्या ओळीसह.
४. उमेदवाराचा सध्याचा पत्ता, बंद पाकिटात.
५. ‘माझे बाबा’, इयत्ता चौथी, पृष्ठे ४. मुलीला खोटे बोलायला बापानेच शिकवले याचा पुरावा म्हणून. मूळ प्रत आहे, दुसरी नाही. काम झाल्यावर परत मिळावी.