रुचिकाचं शेवटचं प्रकरण

नागपूर,
मे महिन्याचा शेवट, कूलरसमोर बसून

प्रिय भूमिका,

तुझी कादंबरी वाचून झाली. बीपीची गोळी घेऊन वाच असं तू फोनवर बजावलं होतंस, म्हणून आधी गोळी घेतली, मग चष्मा शोधला आणि मग वाचायला बसले. दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट आहे आत्या, तुमच्या पिढीला धक्का बसेल, पण तू शिक्षिका होतीस तर शुद्धलेखन तूच तपास, असंही म्हणालीस. धक्का बसला नाही, त्याबद्दल माफ कर. शुद्धलेखन तपासलं आहे आणि ते सोबत कुरिअरने येतंय. पण सोमवारी पुस्तक छापायला जाणार आणि माझी हरकत शेवटच्या प्रकरणाला आहे. ते बदलायला हवं. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच म्हणाली असतीस की तुला नाही कळायचं, मग मला राग आला असता, आणि राग आला की मी इंग्रजीत बोलते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली सवय आहे, आता सुटायची नाही. म्हणून पत्र.

गोपामावशीनेही कादंबरी ऐकली. मी मोठ्याने वाचत होते आणि ती कैऱ्या किसत होती. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर पाणी तपासलेली बाई ती, कशातही गाळ किती आहे ते तिला आधी दिसतं. तिसऱ्या प्रकरणापर्यंत गप्प होती. मग किसणी खाली ठेवून म्हणाली, "ह्या पोरी जेवत काहून नाही वं?" मी मागे जाऊन पाहिलं तर खरंच. रुचिका आणि मृण्मयी दोघी दहावीत, राहायला नागपुरात, आणि अख्ख्या कादंबरीत एकदाही तर्री-पोहे खात नाहीत. पानोपानी उसासे टाकतात, खिडकीतून बघतात आणि एकमेकींच्या दप्तराला हात लावून रडतात. प्रेमात पडलेल्या मुलींना भूक फार लागते, असं मी ऐकून आहे. दोघींना निदान एक प्लेट समोसा दे. तू शेवटी मोठ्यांसाठी म्हणून जी शब्दांची यादी जोडली आहेस, अशा प्रेमात कोणाला काय म्हणायचं ती, गोपामावशीने ती परीक्षेसारखी पाठ केली. मी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. मग म्हणाली, आपल्या वेळी एवढा अभ्यासक्रम नव्हता, बरं झालं, नापास झालो असतो.

आता हरकत सांगते. शेवटच्या प्रकरणात रुचिका ट्रकखाली येते. कुठे? सीताबर्डीत, व्हरायटी चौकात, संध्याकाळी सात वाजता. अगं, तू पुण्याला जाऊन किती वर्षं झाली? त्या वेळी तिथे एक ऑटो तसूभर हलत नाही. माणूस कंटाळून मेला तर मेला, गाडीखाली येऊन मरणं शक्यच नाही. गोपामावशी म्हणाली, ट्रक तर सोड, तिथे सायकल जरी अंगावर आली तरी आधी माफी मागून येते. बरं, रुचिका गेल्यावर मृण्मयी कॅनडाला जाते आणि बर्फाकडे पाहत राहते. काटोल रोडवर वाढलेली मुलगी बर्फाकडे कशाला पाहत राहील? तिला सर्दी होईल. तू म्हणशील आत्या थट्टा करते. थोडी करतेय. थट्टा केली की पुढचं लिहायला हात चालतो.

आमच्या बोर्डिंगमध्ये सिस्टरांचं काचेचं कपाट होतं. माझे वडील संत्र्याचे बागायतदार, मुलीला इंग्रजी आलं पाहिजे म्हणून त्यांनी मला काटोलहून उचलून तिथे ठेवलं, आणि मी ते कपाट अख्खं वाचून काढलं. त्यातल्या गोष्टींत एक शहाणी मुलगी असायची आणि एक तिच्यावर जीव टाकणारी मैत्रीण. त्या मैत्रिणीला शेवटून दुसऱ्या प्रकरणात खोकला यायचा. खोकला आला की मी समजायचे, संपलं. शेवटच्या प्रकरणात ती पांढऱ्या उशीवर हसून मरायची आणि शहाणी मुलगी कुठल्यातरी लेफ्टनंटशी लग्न करायची. अकरावीत मला डांग्या खोकला झाला तेव्हा मी मरायची पूर्ण तयारी केली होती. माझी चांगली पेन्सिल शेजारच्या खाटेवरच्या मुलीला देऊन टाकली. मग सिस्टर अगाथाने कडू काढा पाजला आणि मी बरी झाले. बरी झाल्यावर पुढे काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तुझ्या पुस्तकातही नाही, खोकल्याच्या जागी ट्रक आहे एवढंच.

आता इथली बातमी. सध्या अधिक महिना चालू आहे. तुला कदाचित ठाऊक नसेल, या महिन्यात नवराबायकोची जोडी जेवायला बोलावून तिचा मान करतात, त्या जोडीला मेहूण म्हणतात. आमच्या वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. सून कामिनी, जबलपूरकडची, आणि सासूबाई चंद्रकलाबाई, अमरावतीच्या. सासूबाईंना मेहुणं जेवू घालायची होती आणि मे महिन्यात अर्धी बिल्डिंग गावाला गेलेली. कामिनी बिचारी दारांवरच्या पाट्या वाचत खाली उतरली. आमच्या पाटीवर 'जी. धकाते, एस. कडू' असं आहे. तिला वाटलं बायकोने माहेरचं आडनाव ठेवलंय, सुधारलेलं जोडपं दिसतंय. खाली रुपराव चौकीदाराला विचारलं तर तो म्हणाला, हो, दोन माणसं राहतात, रिटायर आहेत, लय भली. झालं. त्याच्याकडूनच नंबर घेऊन तिने आम्हाला मोबाइलवर नुसतं जेवणाचं आमंत्रण पाठवलं. आम्हाला वाटलं नवीन शेजाऱ्यांशी ओळख होईल, म्हणून आम्ही डबाभर किसलेल्या कैरीचा टक्कू घेऊन वर गेलो.

दार उघडल्यावर कामिनी आमच्या मागे पाहत राहिली, साहेब लोक येतायत का म्हणून. आत जोडीजोडीने पाट मांडलेले, रांगोळ्या काढलेल्या, तीन जोडपी बसलेली. आमच्या पाटांसमोर एक खण आणि एक उपरणं. मला क्षणात सगळं कळलं आणि मी मागच्या मागे वळायला लागले. कामिनीचं तोंड रडवेलं झालं. पण गोपामावशी उमरेडच्या कोष्ट्याची पोर, कापड दिसलं की तिला धीर निघत नाही. तिने उपरणं उचललं, काठ चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, "पावरलूमचं हाय. फसवलं तुले गांधीबागेत." चंद्रकलाबाई आतून आल्या. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. विचारलं, सोबत राहता? राहतो. लय वर्षं झाली? झाली. स्वयंपाक कोण करते? ही, मी म्हणाले. आणि रुसते कोण? गोपामावशीने माझ्याकडे बोट दाखवलं. चंद्रकलाबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "मंग बसा न वं जोडीनं. पुरण थंड होऊन राहिलं." समजून म्हणाल्या की न समजता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही बसलो. उपरणं गोपामावशीने खांद्यावर टाकलं, पावरलूमचं असूनही.

आणि मग त्या तीन जोडप्यांपैकी एका बाईला हुक्की आली की सगळ्यांनी नाव घ्यायचं. तिघींनी घेतलं. गोपामावशीने पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि म्हणाली, "उमरेडच्या मागावर विणला लुगड्याचा काठ, शामलाचं नाव घेते, वाढा आता ताट." खोली हसून लोटपोट. त्यांना ती थट्टा वाटली. मग सगळे माझ्याकडे वळले. भूमिका, मी पस्तीस वर्षं वर्गासमोर उभी राहून बोलले आहे, पण सिस्टरांनी आम्हाला उखाणा शिकवला नव्हता. यमक काही केल्या जुळेना. मी नुसतंच म्हणाले, "गोपिका." ती हुक्कीवाली बाई म्हणाली, असं नाही चालत, यमक पाहिजे. चंद्रकलाबाई पुरण वाढता वाढता म्हणाल्या, "घेतलं न तिनं नाव. झालं." माझी पुरणपोळीही गोपामावशीने खाल्ली, तिला भूक कधी कमी पडत नाही.

हे पत्र शेवटच्या प्रकरणासाठी आहे असं वर लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. प्रस्तावनेत तू लिहिलंस की या मुलींना ज्यांच्याकडे बोट दाखवता येईल असं आपल्या गावात आधीचं कोणीच नव्हतं. होतं. लहानपणी दर उन्हाळ्यात तू त्यांच्याच घरी यायचीस, दोघींच्या मध्ये झोपायचीस आणि लाथा मारायचीस. धंतोलीच्या नोकरदार बायकांच्या वसतिगृहात मला खोलीतली जोडीदारीण म्हणून गोपिका मिळाली आणि तू ज्याला पानोपानी प्रेम म्हणतेस ते आम्हाला तिथेच झालं. तुझ्या यादीतला कुठलाही शब्द लाव, आमची ना नाही. तुझ्या बाबांना मी कधी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही, पण भाऊबीजेला ते माझ्यासाठी एक आणि तिच्यासाठी एक अशा दोन साड्या आणतात, हे तू पाहिलं आहेस. आता मी हे लिहितेय म्हटल्यावर गोपिका विचारते आहे, मंग मी त्या पोरीची आतोबा झाली का? काय ते तूच ठरव. हे वाचून तू आठ दिवस फोन केला नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. नाही चालणार. आणि रुचिकाला मारू नकोस. तिला दहावी पास कर, नोकरीला लाव, केस पांढरे होऊ दे, मृण्मयीशी कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून भांडू दे. काटोलची नाहीतर उमरेडची एखादी मुलगी तुझं पुस्तक उघडेल आणि आपलं पुढे काय होणार हे बघायला शेवटचं पान आधी वाचेल. तिला कळू दे की पुढे गुडघे दुखतात.

तुझीच,
शामलाआत्या