हॉलिसचं गाणं, माझी फिडल

३ मार्च १९८१
पेट्रोल पंपावर आमचं गाणं लागलं. नॅशव्हिलच्या पॉप स्टेशनवर! हॉलिस पंपाची नळी धरून तसाच उभा. मी गाडीच्या टपावर ठेका धरला. पहिली ओळ झाली — आणि माझ्या गावरान फिडलच्या जागी शहरी, गुळगुळीत व्हायोलिनांचा ताफा.

हॉलिसने नजर चुकवली. म्हणजे नवऱ्याला ठाऊक होतं. "शहरातल्यांसाठी वेगळं केलंय," म्हणाला. "टॉलिव्हर म्हणतो, फिडल ऐकली की पोरं स्टेशन बदलतात." टॉलिव्हर आमचा निर्माता. करंगळीत अंगठी घालणाऱ्या पुरुषाचं कशाला मनावर घ्यायचं!

४ मार्च
गावाकडच्या स्टेशनांवर जुनंच गाणं लागतं, तिथे मी अजून आहे. तिथून मला काढायची कोणाची टाप नाही.

९ मार्च
काल चर्चच्या जेवणात निम्मा राग उतरला. सासूबाई बटाट्याचं सॅलड वाढता वाढता म्हणाल्या, "अगं, तुझी फिडल दुरुस्तीला टाकली होती का?" सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्याने. आमच्या बँडमधल्या बर्लची स्टील गिटारही उडवली आहे. तो म्हणतो, "वायनेल, आपण दोघं आता फक्त गायी-वासरांसाठी वाजवायचं."

पण ते गाणं माझंही आहे. शब्द हॉलिसचे. मॅकमिनव्हिलच्या शनिवारच्या नाचाला त्याने ते पहिल्यांदा म्हटलं. "राहशील का माझ्याजवळ?" — आणि मुद्दाम थांबला. अख्खं नाचघर माझ्याकडे बघतंय. माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून उत्तर फिडलवर वाजवलं. तो माझा होकार. लग्न तिथेच ठरलं. आजही ते वाजल्याशिवाय त्याला दुसरी ओळ उचलता येत नाही.

२० मार्च
पॉपच्या यादीत नववं! हॉलिसने अंगणात मला उचलून गोल फिरवलं. आवडलं. खोटं कशाला लिहू.

२ एप्रिल
लॉस एंजेलिस. उद्या टीव्हीवर, थेट प्रक्षेपण. फिडल अर्थातच नाही. तालमीत हॉलिस दर वेळी दुसऱ्या ओळीला चुकतो — कधी आधी घुसतो, कधी मागे राहतो. मला आतून गुदगुल्या.

"मात्रा मोज ना रे," म्हटलं.

"मोजतोच आहे, बाई. तू नको शिकवू."

शेवटी टॉलिव्हर घाम पुसत माझ्याकडे आला. "वायनेल, तू पडद्याच्या कडेला उभी राहा. त्याची वेळ झाली की नुसती हो म्हणून मान हलव. तो तुझ्याकडे बघेल."

म्हणजे फिडल नको, फिडलवाली हवी! हो म्हणून टाकलं. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही, हे आता अंगठीवाल्यालाही कळलं. उद्याचं पार पडलं की फिडल परत घ्यायला लावणार. हॉलिस माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय. कॅमेऱ्यात दिसणार नाही, तरी.

३ एप्रिल
"राहशील का माझ्याजवळ?" हॉलिसने ओळ म्हटली आणि माझ्याकडे पाहिलं. मान हलवायची, एवढंच काम होतं. सूड नव्हता मनात, देवाशपथ. व्हायोलिनं पुढे निघून गेली, तो माझ्याकडे बघत थांबूनच राहिला. साऱ्या देशासमोर त्याने विचारलं, आणि मला हो म्हणवेना.