दिवाळीपर्यंत सरळ थांबली पाहिजे

२४ ऑगस्ट, नांदेड

आजपासून नवऱ्याला या वहीत फक्त ‘प्र.’ म्हणणार. पूर्ण नाव लिहावं असं आज त्याने काही केलेलं नाही.

सकाळी मुदखेड रोडला गाडी घेऊन गेलो. दोघंच, कारण सीटाच दोन. टप उघडा, हवा मस्त. म्हैस कुठून आडवी आली कळलंच नाही. ब्रेक दाबला आणि गाडी सरळ थांबायचं सोडून डावीकडे ओढली गेली, ती थेट सोयाबीनमध्ये. कुणाला काही लागलं नाही. म्हशीने तर मानही वळवली नाही. शेतवाल्याने ट्रॅक्टर लावून बाहेर काढलं आणि वर चहा पाजला.

संध्याकाळी प्र. म्हणाला, “हैदराबादचा एकजण मागून राहिलाय गाडी. देऊन टाकू. असल्या ब्रेकच्या गाडीत आता मी तर बसणार नाही.”

रक्ततपासणीची लॅब सुरू केल्यावर सगळ्यात पहिली माझी अशी घेतलेली वस्तू. पंचवीस वर्षांची, फायबरची, कापडी टपाची, लाल. लोक हसले तरी घेतली. आणि हा म्हणतो देऊन टाकू, रद्दी असल्यासारखी!

भांडण. शेवटी तह असा: दिवाळीपर्यंत मुदत. ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबली आणि प्र. त्यात बसला, तर गाडी राहील. नाहीतर भाऊबीज झाली की हैदराबाद.

२८ ऑगस्ट

नांदेडमध्ये दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून फोटो काढले आणि बॉनेट लावलं. दोघांचा सल्ला एकच, लातूरच्या रफिकभाईंना दाखवा.

त्यांना फोन केला. मी म्हटलं, पुढच्या चाकांना मोठे डिस्क ब्रेक बसवायचे आहेत.

“बसवू ना. पण ताई, चाकंच ढिली असतील तर चांगला ब्रेक लावून काय फायदा? जितका जोर लावाल तितकी जास्त ओढंल. आधी शॉकअप, स्प्रिंगा, सांध्यातले रबरी बुश. मग ब्रेक.”

म्हणजे काम दुप्पट. नाकापेक्षा मोती जड. पण पटलं.

९ सप्टेंबर

शॉकअप आले. स्प्रिंगा पुण्याहून, मूळच्यापेक्षा आखूड, म्हणजे गाडी खाली बसेल आणि वळणावर झुकणार नाही. बुश मात्र दुसऱ्याच गाडीचे पाठवलेत. फोन केला तर दुकानदार म्हणतो, “मॅडम, बसवून तर बघा.” चप्पल आहे का ती, बसवून बघायला!

प्र. दारातून खोकी ओलांडून आत आला. काही बोलला नाही. याचं न बोलणं फार मोठ्याने ऐकू येतं.

१४ सप्टेंबर

बरोबर बुश मिळाले. गाडी स्वतःच लातूरला नेली. चाळीसच्या वर गेले नाही. लोह्याच्या पुढे खत भरलेला ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न वाजवत पुढे गेला. अहमदपूरला चहाला थांबले तर लोक गाडीला टेकून फोटो काढून राहिले.

रफिकभाई साठीचे असतील. गाडीभोवती फिरले, एक कोपरा दाबून पाहिला. “अजून डोलून राहिलीय बघा. तुम्ही हिच्यात बसून आला?” गाडी ठेवली, एसटीने परत आले.

२१ सप्टेंबर

डोकं फिरलंय. जमेल तसं लिहिते.

एसटीने लातूरला गेले. शॉकअप, स्प्रिंगा, बुश बसवून तयार. आणि गाडी आधीपेक्षा उंच! धोतर वर खोचून चिखलातून निघाल्यासारखी. रफिकभाईंनी माझ्या आखूड स्प्रिंगांच्या मध्ये रबरी ठोकळे घातले होते.

“हे कशाला?”

“उंच करायला, ताई. आपल्याकडं आलेली प्रत्येक गाडी उंच करूनच देतो मी. अहमदपूरचे स्पीडब्रेकर बघितलेत का? पोट घासलं असतं.”

“पण मी आखूड स्प्रिंगा मुद्दाम मागवल्या!”

“हाव ना, त्या आखूड आल्या होत्या म्हणूनच ठोकळे घातले. पुणेवाल्यांनी चुकीच्या पाठवल्या असतील म्हटलं.”

गॅरेजातली सगळी माणसं माझ्याकडे अशी बघून राहिली की वेडी मीच. उंच गाडी करून द्या म्हणून लोक इथे रांगा लावतात आणि ही बाई खाली बसवा म्हणते. ठोकळे काढायला लावले. ते काढताना रफिकभाईंचा चेहरा, जणू मी त्यांना भरल्या ताटावरून उठवलं.

आता डिस्क यायच्या बाकी.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

डिस्क आणि पॅड काल आले. हॉलमध्ये ठेवून सकाळी लॅबला गेले. इथेच चुकलं.

दुपारी येऊन बघते तर देवघरासमोर पाटावर विळी, अडकित्ता, प्र.चा पाना, त्याच्या शेजारी माझ्या दोन्ही डिस्क आणि चारही पॅड. हळद, कुंकू, झेंडू. सगळं तुळतुळीत.

“आत्याबाई, हे तेल?” सासूबाईंना विचारलं.

“मग! लोखंडाला तेलाचा हात फिरवूनच पूजा करतेत. कोरडं कसं पुजावं? तुझ्या गाडीचं म्हणून जरा जास्तच लावलं.”

पॅडनी ते तेल पिऊन घेतलं होतं. ज्या तुकड्याने डिस्क घट्ट धरायची, त्यालाच तेल. सणाचा दिवस, सत्तरीची सासू, तीही माझ्याच भल्यासाठी वाकलेली. ओरडू कुणावर?

रफिकभाईंना फोन. “डिस्क पुसून घेऊ, त्याचं काय न्हाई. पण पॅडनं तेल पिलं की ते गेलं. दुसरे मागवा.” आणि वर, “अम्मांना काही बोलू नका, ताई.”

प्र. आतल्या खोलीत जाऊन हसला. ऑगस्टपासून पहिल्यांदा हसला तो. राग आला आणि बरंही वाटलं. बरं वाटलं याचाच जास्त राग आला.

९ ऑक्टोबर

नवे पॅड काल संध्याकाळी आले. थेट लॅबमध्ये मागवले आणि कपाटात कुलपात ठेवले. आज लातूर. डिस्क, पॅड, पॅडना दाबणारे कॅलिपर, पाइप सगळं बसवलं. ब्रेक ऑइल भरलं, पाइपमधली हवा काढली. पेडल दाबलं तर पाय खालच्या चटईपर्यंत. परत हवा काढली. तेच. परत. तेच. लोण्यावर पाय ठेवल्यासारखं.

रफिकभाई, “उद्या बघू.” उद्या माझी लॅब आहे, मी कशी येणार? शेवटच्या एसटीत उभी राहून आले.

१२ ऑक्टोबर

रोज फोनवर विचारते. पेडल तसंच. फोनवरून गाडी दुरुस्त करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. प्र. जेवताना म्हणाला, “हैदराबादवाला विचारत होता, रंग मूळचाच आहे का?” मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले.

१४ ऑक्टोबर

रफिकभाईंचा फोन. स्वतःच्या कपाळावर मारल्याचा आवाज इकडे आला. डाव्या चाकाचा कॅलिपर उजव्याला आणि उजव्याचा डाव्याला बसवला होता. हवा निघायचं तोंड वर पाहिजे ते खाली गेलं, मग हवा वरच अडकून राहणार. “इतक्या वर्षांत असं झालं न्हाई, ताई. लई शरम वाटून राहिली.” मला चिडायचं होतं, पण त्यांचा आवाज ऐकून जमलं नाही. फोन ठेवल्यावर एकटीच चिडले.

१८ ऑक्टोबर

थांबली!

रेणापूर रोडला रिकामा पट्टा बघून रफिकभाईंना शेजारी बसवलं. “स्टिअरिंग सोडा आणि ब्रेक मारा.” मारला. गाडी नाकासमोर थांबली, इकडे नाही की तिकडे नाही. पुन्हा मारला. पुन्हा सरळ. मला रडूच आलं. रफिकभाई खिडकीतून बाहेर बघत बसले.

एकटी चालवत नांदेडला आले. वळणावर गाडी जमिनीला धरून राहते आता. अहमदपूरच्या एका स्पीडब्रेकरला पोट घासलं. हे रफिकभाईंना सांगणार नाही.

१९ ऑक्टोबर

प्र.ला म्हटलं, चला. त्याला काम आठवलं. संध्याकाळी म्हटलं, चला. डोकं दुखत होतं. आत्याबाई मात्र पदर डोक्यावर घेऊन बसल्या, गोदावरीच्या पुलापर्यंत गेलो. “माझ्या पूजेनंच थांबायला लागली,” म्हणाल्या. म्हटलं, हो.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी प्र.ला ओवाळलं. तो ताटात पाकीट टाकायला लागला तर हात धरला. “ओवाळणीत दुसरं काही नको. गाडीत बसा.” आत्याबाई समोर, नाही कसं म्हणणार?

तोच मुदखेड रोड. रस्त्याला चिटपाखरू नाही. ऐंशीवर नेली आणि पूर्ण जोर लावून ब्रेक मारला. रस्त्याची पांढरी रेघ सुटली नाही इतकी सरळ थांबली. इंजिन बंद केलं.

“झालं ना? थांबली ना सरळ?”

“थांबली की.” त्याने डॅशबोर्डवरचा हात काढला नाही. मग म्हणाला, “ब्रेकचं काही नव्हतं गं माझं. म्हैस मला लांबूनच दिसली होती. हळू घे, हळू घे म्हणालो. तू बघितलंसुद्धा नाही माझ्याकडं.”

मला एक शब्द आठवत नाही. टप उघडा होता, वारा होता. तो मनातल्या मनात म्हणाला असेल. किंवा म्हणाला असेल.

“मग दोन महिने ब्रेक ब्रेक काय लावलं होतं?”

“ब्रेकला बोललं की तू चिडत न्हाईस.”

दोन महिने मी एसटीने लातूर गाठलं, स्प्रिंगा बदलल्या, सासूची पूजा गिळली, एका भल्या म्हाताऱ्याला शरमेने बोलायला लावलं. आणि बिघाड शेजारच्या सीटवर. किंवा माझ्या. काय मागवू आता याला, कुठल्या दुकानातून?

एवढं सगळं त्याला ऐकवलं. मग दार उघडून उतरेल असं वाटलं, उतरला नाही.

येताना पन्नासच्या वर नेली नाही. सारखी त्याच्याकडे बघत होते, काही म्हणतोय का म्हणून. एकदा तर त्यामुळेच खड्डा चुकवायचा राहिला. तेव्हाही काही बोलला नाही.

घरी आलो तेव्हा त्याचा फोन वाजला. हैदराबाद. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. वाजून वाजून बंद पडला.