दाताचं पाकीट

१ जून
पगार झाला! चष्म्याच्या दुकानातला तिसरा. आधीचे दोन कुठे गेले ते देवालाच ठाऊक. म्हणून आज खोलीतल्या वाघिणीनं (माझी रूम पार्टनर. घोरते, म्हणून वाघीण) मला धरून बसवलं. "पैसे हातात आले की आधी वाटून टाकायचे. मग रडायचं." पाच पाकिटं केली. घर (म्हणजे आईला पाठवायचे), भाडं, पोट, बस — आणि पाचवं दात.

वरचा, पुढचाच दात. महिनाभर ठणकतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रूट कॅनाल करून वर कॅप बसवायची, आठ हजार. दर महिन्याला दोन हजार बाजूला टाकले की चार महिन्यांत दात वाचेल. पाकिटं ओळीनं कपाटात ठेवली आणि उगाच दोनदा दार उघडून बघितली. आज पहिल्यांदा मोठी झाल्यासारखं वाटलं!

५ जून
मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "गिऱ्हाईक फ्रेम घालून आधी आरशात बघतं, मग हिच्याकडे. ही हसली की फ्रेम खपलीच!" माझं कमिशन त्या हसण्यावरच. नुसत्या पगारात भाडं आणि घर, एवढंच भागतं.
दुकानात एसी आहे. हसले की दातातून कळ थेट डोक्यात.

११ जून
आईचा फोन. धाकट्याची परीक्षेची फी भरायचीय. "असतील तर बघ गं, नसतील तर राहू दे." हे 'राहू दे' ऐकलं की मी संपलेच! दाताच्या पाकिटातून साडेपंधराशे काढून पाठवले. दुसरं कुठलं काढणार? भाड्याला घरमालकीण विचारते, बसला कंडक्टर. दाताला विचारणारं कोणी नाही. पुढच्या महिन्यात भरीन म्हटलं. स्वतःकडेच उधारी!

१२ जून
वाघीण भडकली. "आईला दाताचं सांगितलंस तरी का?" नाही सांगितलं. सांगितलं तर तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. फी तर भरावीच लागणार. मग सांगून काय उपयोग?

१९ जून
गाल सुजलाय. मिठाच्या पाण्यानं गुळण्या. काउंटरवर दिवसभर गिऱ्हाइकाला उजवी बाजू दाखवत उभी होते. दोनच फ्रेमा गेल्या.

२३ जून
पू झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचवायचा असेल तर या आठवड्यात सुरू करू. निम्मे आधी भरावे लागतील."
"आणि काढायचा असेल तर?"
"चारशे. पण पुढचा दात आहे बाळा, नीट विचार कर."
पाकिटात साडेचारशे. विचार कसला करायचा? काढून टाकला.
जिन्यात बसून खूप रडले. तोंडात कापूस, त्यामुळे धड रडताही येईना. उरलेले पन्नास पाकिटात परत ठेवले.

२५ जून
आई फोनवर — "आवाज असा का येतोय? सर्दी झालीय का?"
हो म्हटलं.

३० जून
कमाल आहे! महिना संपला आणि हातात पैसे उरलेत. पन्नासच, पण उरलेत. भाडं दिलं, घरी पाठवले, कोणाकडे हात पसरला नाही. पुढच्या महिन्यापासून दाताला दोन हजार काढायचेही नाहीत. वाघिणीनं पाकिटावरचं 'दात' खोडून 'शिल्लक' लिहिलं. मी हसले, तोंडावर हात धरून. आठवड्यात सवय लागलीसुद्धा. मला मात्र त्या पाकिटाकडे बघवत नाही.

१ जुलै
मालकांनी बाजूला बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून आत काचा घासायला बस. दात बसवून घे, मग ये काउंटरवर."
आत कमिशन नाही.